पॉइंट त्र्याऐंशी

मुलाखतीला निघालेल्या माणसाला घरातला प्रत्येक जण सल्ला देतो, आणि ज्याने जन्मात एकही मुलाखत दिलेली नाही त्याचा सल्ला सगळ्यात लांबलचक असतो. ताळेबंदाच्या घरी हा मान त्याच्या अठरा वर्षांच्या मुलीकडे होता.

“बाबा, ‘तुमचा दोष सांगा’ म्हणाले तर काय सांगणार?”

“मी फार बारकाईने काम करतो.”

“झालं! हे तर सगळेच सांगतात. खरा दोष सांगा.”

“खरा सांगितला तर घेतील का?”

“खरा, पण छोटा,” मुलगी म्हणाली. “घोरता वगैरे.”

“ते मोठ्यात येतं,” स्वयंपाकघरातून आवाज आला.

ताळेबंद हे काही त्याचं खरं नाव नव्हे. जुन्या कंपनीतल्या सोबत्यांनी ते त्याला चिकटवलं होतं, कारण दोन आकडे जुळेपर्यंत हा गृहस्थ जेवायला उठत नसे. ती कंपनी रुग्णालयांच्या चादरी धुवायची. चादरी कंपनीच्याच, स्वच्छ द्यायच्या, मळक्या आणायच्या, धुवायच्या, पुन्हा द्यायच्या. कुठून किती आल्या, कुठे किती गेल्या, हा सगळा डेटा काट्यांवरून, यंत्रांवरून, कारकुनांच्या नोंदींवरून गोळा करायचा, धुऊन-पुसून एकत्र लावायचा आणि सकाळी साहेब लोकांच्या पडद्यावर मांडायचा, हे ताळेबंदाचं काम. म्हणजे कंपनी चादरी धुवायची आणि हा आकडे. चौदा वर्षं धुतले. दहा महिन्यांपूर्वी कंपनीला वाटलं की आकडे आता आपले आपण धुतले जातील, आणि तिने ताळेबंदाला निरोप दिला.

या दहा महिन्यांत घरात कोणी काही बोललं नाही, हीच खरी बोलण्यासारखी गोष्ट. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिने न सांगता रविवारीही जायला सुरुवात केली. मुलगी बारावी झाली आणि म्हणाली, “मला एक वर्ष थांबून नीट विचार करायचाय.” एवढी विचारी ती कधीच नव्हती. तिच्यावर कोणाचा विश्वास बसला नाही आणि तसं कोणी बोलूनही दाखवलं नाही. यंदाच्या प्रवेशाचे अर्ज महिनाअखेर बंद व्हायचे होते. बायकोने कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला नव्हता. पण भिंतीवर नेमकं तेच पान पुढे दिसेल अशी काळजी घेतली होती.

“अहो,” निघताना ती म्हणाली, “समोरचा चुकला तर लगेच दुरुस्त करायला जाऊ नका. मुलाखत आहे. त्यांना चुकायचा हक्क आहे.”

सल्लागार कंपनीचं ऑफिस सहाव्या मजल्यावर होतं. दाराशी एका कागदावर सही घेतली: इथे जे दिसेल ते बाहेर बोलणार नाही. मग काचेच्या खोलीत बसवलं. या खोल्यांची एक गंमत असते. आतल्याला वाटतं बाहेरचे बघतायत, बाहेरच्यांना वाटतं आतला बघतोय, आणि प्रत्यक्षात सगळे आपापल्या फोनमध्ये असतात.

फोनवरच्या दोन फेऱ्या तो आधीच पार करून आला होता. ही तिसरी आणि शेवटची. तिघे आले. ताळेबंदाने सवयीप्रमाणे मनातल्या मनात त्यांची नोंद करून टाकली. मधोमध बसल्या त्या मोठ्या बाई: पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, पेन हातात धरून न लिहिणाऱ्या. असं पेन धरणाऱ्या माणसाच्या हातात निर्णय असतो. डावीकडे एक सद्गृहस्थ, बसायच्या आधीच फळ्यावर दोन चौकोन काढून त्यांना बाणाने जोडून मोकळे झालेले. त्यांचं नाव त्याने नकाशे ठेवलं. उजवीकडे तिशीच्या आतला, लॅपटॉपवाला, उगाच हसरा. तो चिरंजीव.

“एक खरी केस घेऊ,” नकाशे म्हणाले. “ग्राहकाचं नाव झाकलंय. त्यांच्या वस्तू वेगवेगळ्या ठिकाणी जातात आणि परत येतात. जाताना मोजून जातात, येताना वजनावरून मोजल्या जातात. स्थान क्रमांक सातवर घट येतेय. सतरा टक्के. चोरी आहे हे उघड आहे. ग्राहकाला चोरी पकडणारी यंत्रणा हवी. तुम्ही कशी उभी कराल?”

चिरंजीवांनी पडदा लावला. आधी तक्ते आले, मग ग्राहकाचा सध्याचा कोड.

“हा बघा नमुना,” चिरंजीव हसले. “कुणा महाभागाने लिहिलाय कोण जाणे. एवढ्या पसाऱ्यात एक ओळ: स्थान सात असेल तर गुणिले पॉइंट त्र्याऐंशी. का? काही नाही. एक शब्दाचं स्पष्टीकरण नाही. देवाला ठाऊक आणि त्याला.”

देवाचं माहीत नाही, पण ‘त्याला’ ठाऊक होतं. तो त्यांच्यासमोरच पाणी पीत होता.

पाच वर्षांपूर्वी स्थान सातवरून, म्हणजे नदीपलीकडच्या जुन्या रुग्णालयातून, गेल्या त्यापेक्षा जास्त चादरी परत येऊ लागल्या होत्या. रोज साठेक जास्त. ऑफिसात थट्टा चालायची की चादरींना पिल्लं होतायत. ताळेबंदाला थट्टा सहन झाली नाही. तो स्वतः तिथे गेला आणि तळघरातल्या चादरींच्या खोलीत, काट्याशेजारी, तीन दिवस बसून राहिला. ती खोली सांभाळणाऱ्या मावशींनी पहिले दोन दिवस त्याला नुसतं स्टूल दिलं. तिसऱ्या दिवशी त्यांना दया आली.

“साहेब, चादरी व्यायल्या नाहीत हो,” त्या म्हणाल्या. “पाणी प्यायल्यात. मोठ्या सिस्टर रक्ताचे डाग निघावेत म्हणून आधी गार पाण्यात बुडवायला लावतात. ओल्याच काट्यावर चढतात. कोरडी अर्धा किलो, ओली सहाशे ग्रॅम. मला कोणी विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.”

त्याने भागाकार केला. पाचशे भागिले सहाशे. पॉइंट त्र्याऐंशी. ऑफिसात येऊन ती एक ओळ घातली, आकडे जुळले, आणि तो जेवायला उठला. स्पष्टीकरण लिहायचं राहिलं. आकडे जुळले की माणसाला स्पष्टीकरणाची भूक राहत नाही.

आता इथे ‘ही ओळ माझी’ म्हणावं, असं पहिल्या क्षणी त्याच्या मनात आलंही. पण कुणा महाभागाने असं ऐकल्यावर तो महाभाग मीच म्हणून उभं राहायला वेगळं काळीज लागतं. शिवाय भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान डोळ्यासमोर होतं.

तो खाकरला. “एक विचारू? या वस्तू पाणी धरणाऱ्या आहेत का? कापड वगैरे?”

चिरंजीवांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी पेन हलवलं.

“समजा, कापड आहे,” नकाशे म्हणाले.

“मग स्थान सातवरून ते ओलं येत असणार. ओलं कापड जड भरतं, वजनावरून मोजलं की संख्या फुगते. ती फूग काढायला कोणीतरी पॉइंट त्र्याऐंशीने गुणलंय. पाचशेचे सहाशे ग्रॅम झाले की बरोबर एवढाच आकडा येतो.”

नुसतं तापमान पाहून पोटदुखी ओळखणाऱ्या डॉक्टरकडे जसं बघतात तसे ते तिघे त्याच्याकडे बघू लागले.

“आम्हाला हे कळायला तीन आठवडे लागले,” चिरंजीव म्हणाले, “आणि तरी कळलं नव्हतं!”

आपणच लपवलेली वस्तू आपणच शोधून काढणाऱ्याला जत्रेत जादूगार म्हणतात. मुलाखतीत त्याला अनुभवी उमेदवार म्हणतात. ताळेबंदाला दहा महिन्यांत पहिल्यांदा खुर्ची नीट बसल्यासारखी वाटली. त्याने पाठ टेकली, वर एक सल्लाही दिला: “अशी ओळ लिहिणाऱ्याने कारण लिहून ठेवायला हवं होतं.” आपल्याच कानाखाली इतक्या सभ्यपणे वाजवायची संधी रोज मिळत नाही.

“उत्तम,” नकाशे म्हणाले. “आता घट बघू.” त्यांनी आलेख लावला.

रेघ सपाट चालली होती. मग सोळा महिन्यांपूर्वी, एका सोमवारी, ती पायरी उतरल्यासारखी खाली आली आणि खालीच सपाट चालत राहिली. तीनशे जात होत्या, दोनशे एकोणपन्नास येत होत्या. रोज. सुट्टीच्या दिवशीही.

ताळेबंदाची पाठ खुर्चीपासून सुटली.

चोरी अशी नसते. चोर आजारी पडतो, रजेवर जातो, कधी हावरा होतो, कधी घाबरतो. त्याची रेघ वाकडीतिकडी असते. एवढी सरळ रेघ फक्त गुणाकार काढतो.

आणि तो सोमवारही त्याला ओळखीचा होता. त्या दिवशी सगळ्यांना एक पत्र आलं होतं: धुलाईसाठी नवी पावडर आली आहे, तरी आजपासून कोणत्याही रुग्णालयाने चादरी आधी भिजत घालू नयेत. तेव्हा तो नोकरीवर होता. त्याने ते पत्र वाचलं होतं. बरं झालं, सिस्टर लोकांचा त्रास वाचला, असं मनाशी म्हणून वाचलेल्या पत्रांमध्ये ढकललं होतं. रोजचा मेळ बघायचं काम तोवर त्याच्याकडून काढून नव्या यंत्रणेकडे गेलं होतं. चादरी त्या दिवसापासून कोरड्या झाल्या. ओळ ओलीच राहिली.

तीनशे गुणिले पॉइंट त्र्याऐंशी: दोनशे एकोणपन्नास.

“स्थान सातवर कोण असतं?” त्याने विचारलं. आवाज जरा चढाच लागला.

“एक बाई आहेत, वस्तू सांभाळणाऱ्या,” चिरंजीव म्हणाले. “म्हणजे होत्या. काट्यावरून काढलंय. चौकशी चालू आहे. रोज घरी जाताना पिशवी तपासतात म्हणे, अजून काही सापडलं नाही. म्हणून तर आपली यंत्रणा हवी. प्रत्येक वस्तूला बिल्ला शिवायचा, दारादारावर वाचणारं यंत्र...”

नकाशे तोवर फळ्यावर आणखी चार चौकोन काढून मोकळे झाले होते.

“तर सांगा,” ते म्हणाले. “कुठून सुरुवात कराल?”

इथे बरोबर उत्तर काय होतं ते ताळेबंदाला तोंडपाठ होतं. आठवडाभर त्याने तेच घोकलं होतं: डेटा कुठून उचलायचा, कुठे साठवायचा, इशारा कधी वाजवायचा. ते उत्तर दिलं असतं तर वीस मिनिटांत तो बाहेर, आणि संध्याकाळी घरी अर्ज भरायला घेतला असता.

तो उठला, फळ्यापाशी गेला. चौकोनांना हात न लावता एका कोपऱ्यात गुणाकार मांडला.

“रोज एक्कावन्न वस्तू. सोळा महिने म्हणजे चारशे ऐंशी दिवस धरू. झाल्या चोवीस हजार चारशे ऐंशी.” तो वळला. “चादरी आहेत ना? एक चादर अर्धा किलो. म्हणजे ही बाई रोज पंचवीस किलो चादरी पिशवीतून नेते. एकही दिवस न चुकता. वर रोज तिची पिशवी तपासतात, तरीही नेते. आणि घरी चोवीस हजार चादरी ठेवते. कुठे ठेवते?”

कोणी हसलं नाही.

“रिपोर्टात टक्के होते,” चिरंजीव हळूच म्हणाले.

“टक्क्यांना वजन नसतं. म्हणून ते कुणालाही उचलता येतात. आता एकच बघा. एवढ्या चादरी खरंच गेल्या असत्या तर ग्राहकाला तेवढ्या नव्या घ्याव्या लागल्या असत्या. खरेदीचा तक्ता आहे?”

चिरंजीवांनी शोधला. बराच वेळ बघत राहिले. “खरेदी नेहमीइतकीच आहे.”

“कारण काही गेलंच नाहीये. सोळा महिन्यांपूर्वी भिजवणं बंद झालं आणि ती ओळ चालूच राहिली. ओळ काढा, घट जाईल. यंत्रणा लागणार नाही.”

“चादरी आहेत हे तुम्हाला कसं कळलं?” मोठ्या बाई पहिल्यांदा बोलल्या. “आणि भिजवणं बंद झालं हे?”

नकाशे आणि चिरंजीव दोघेही त्याच्याकडे वळले. जादूगाराची बाही इथेच झटकली जाते.

“तो महाभाग मी आहे,” ताळेबंद म्हणाला. “ओळ माझी. भिजवणं बंद झाल्याचं पत्रही मी वाचलं होतं. मघाशी ओळखलं ते अक्कल वापरून नव्हे. आधीच सांगायला हवं होतं. नोकरी हवी होती म्हणून नाही सांगितलं.”

चिरंजीव खजील झाले. “सॉरी सर. मी ते महाभाग वगैरे...”

“शब्द बरोबरच होता.”

मोठ्या बाईंनी दोघांना पाच मिनिटं बाहेर जायला सांगितलं. काचेचं दार लागलं. मग त्यांनी त्याच्या अर्जातली आधीच्या नोकरीची ओळ वाचली आणि पेन टेबलावर ठेवलं.

“चांगलं बोललात,” त्या म्हणाल्या. “आता मी सरळ बोलते. मला तुम्ही हवे आहात. या ग्राहकाचा कोपरा न् कोपरा तुम्हाला ठाऊक आहे. सोमवारी रुजू व्हा.”

ताळेबंदाला आधी ते ऐकूच आलं नाही.

“एक अट,” बाई पुढे म्हणाल्या. “जे आत्ता सांगितलंत ते अहवालात येईल. आमच्या पद्धतीने, आमच्या क्रमाने. तीन महिन्यांनी.”

“एका ओळीला तीन महिने?”

“तुम्हाला वाटतं मी काम वाढवतेय. थोडं वाढवतेही, नाही कशाला म्हणू. पण चौदा वर्षं तुम्ही आतले होतात, म्हणून तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही. एका ओळीत सांगितलेलं खरं कोणाला पटत नाही. ज्यांनी त्या बाईला काट्यावरून उठवलं, रोज पिशवी उघडायला लावली, त्यांना उद्या जाऊन म्हणा, एक आकडा पुसायचा राहिला होता. ते म्हणतील, हा कोण? काढून टाकलेला माणूस, सूड उगवतोय. हेच चाळीस पानांत, आलेख लावून, आमच्या नावाने गेलं की गुपचूप मान्य करतात. आम्ही विकतो ते तेच. लोकांना मागे फिरायला जागा लागते. चाळीस पानं म्हणजे ती जागा.”

हे खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती. खोटं असतं तर ताळेबंदाने दोन मिनिटांत तपासून परत केलं असतं.

“आणि तोवर मावशी?”

“तुम्ही ओळखता त्यांना?”

“त्यांनीच मला सांगितलं होतं. चादरी पाणी प्यायल्यात म्हणून. मी फक्त भागाकार केला.”

बाईंनी टेबलावरचं पेन पुन्हा उचललं. “सोळा महिने काढलेत त्यांनी. आणखी तीन. शेवट चांगला होईल, याची हमी मी देते.”

सोळात तीन मिळवले की एकोणीस. बेरीज सोपी होती. इतकी सोपी बेरीज मांडायलाही माणूस मोठ्या हुद्द्यावर बसलेला लागतो. ताळेबंदाने दुसरीकडे आपले दहा महिने ठेवून पाहिले, बायकोचे रविवार ठेवले, मुलीचा ‘नीट विचार’ ठेवला. ते काही हलके नव्हते. पण ते कोणी दारावर थांबवून, चार लोकांसमोर उघडून बघत नव्हतं.

“मॅडम, तुमचा कागद मी सही करून दिलाय. तुमचा आराखडा, तुमची यंत्रणा, यातलं अक्षर बाहेर बोलणार नाही. पण ती ओळ माझी आहे. ती मी घेऊन जातो. आजच सांगणार.”

“मग सोमवारी येऊ नका,” बाई म्हणाल्या. रागाने नाही. दार उघडून धरताना त्यांनी हातही पुढे केला. “वाईट वाटतंय मला. कोणाला सांगायचं झालं तर टक्के सांगू नका. पंचवीस किलो सांगा. ते लागतं.”

सल्ला फुकट होता. सल्लागाराकडून एवढं घेऊन बाहेर पडणारे विरळाच.

खाली फुटपाथवर त्याने बायकोला फोन लावला. चष्म्याच्या दुकानात बहुधा गिऱ्हाईक होतं. मागे कोणीतरी भिंतीवरची अक्षरं मोठ्याने वाचत होतं.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“मिळाली होती.”

“होती म्हणजे?”

त्याने सांगितलं. जमेल तेवढं थोडक्यात. तरी ओलं, कोरडं, पत्र, पिशवी एवढं आलंच. पलीकडे अक्षरं वाचणारा शेवटच्या ओळीवर अडखळला होता.

“मी तुम्हाला सांगून पाठवलं होतं,” ती म्हणाली. “समोरच्याची चूक काढू नका म्हणून.”

“समोरच्याची नाही काढली. माझीच काढली.”

तिने गिऱ्हाईकाला जरा थांबायला सांगितलं. मग म्हणाली, “लेकीला मी सांगेन. तुम्ही सांगू नका, तुम्ही आकडे घालाल. आणि घरी येऊ नका आत्ता. आधी त्या बाईंकडे जा. घरी आलात की चहा प्याल, मग उद्या म्हणाल.”

रुग्णालयाच्या तळघरात काट्याशेजारी आता एक अनोळखी माणूस बसला होता. मावशींना फाटकाजवळच्या पडवीत टाकलं होतं, जिथे चाकाच्या खुर्च्या उभ्या करतात. त्या एक खुर्ची उलटी करून तिच्या चाकात तेल सोडत होत्या. केस पाच वर्षांत पांढरे झाले होते. त्यांनी त्याला लगेच ओळखलं.

“स्टूलवाले साहेब. या. आता स्टूल नाही, पण खुर्च्या पुष्कळ आहेत.”

तो बसला नाही. उभ्यानेच सांगितलं. या खेपेला त्याने आधी चूक सांगितली आणि कारण नंतर. मावशी तेलाची डबी हातात धरून ऐकत होत्या.

“किती म्हणालात?”

“चोवीस हजार चारशे ऐंशी.”

त्यांना हसू फुटलं. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “अहो, माझ्या घरात दोन चादरी आहेत. एक वाळत घातली की दुसरी.” हसणं थांबलं तशा त्या चाकाकडे बघत राहिल्या. “मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं त्यांना. भिजवणं थांबलंय, काटा बघा, आकडा बघा. म्हणाले, आकडा कॉम्प्युटरमधून येतो. कॉम्प्युटरला काय म्हणणार? मला वाटलं, तुमच्यासारखं कोणी येऊन बसेल तीन दिवस. कोणी आलं नाही.”

“मी यायला हवं होतं.”

“हो,” मावशी म्हणाल्या. त्यांनी ते नाकारलं नाही, आणि ताळेबंदाला त्याचं बरंच वाटलं. “रोज पाचला पिशवी उघडायची. डबा, छत्री, चष्म्याचं घर. सिस्टर बघतात, वॉर्डातल्या पोरी बघतात, पेशंटचे नातेवाईक बघतात. पिशवीत काही सापडलं नाही याचं कोणाला काही नसतं. उघडली एवढंच बघतात.”

“मी उद्या कंपनीला पत्र देतो. सहीनिशी. इथल्या अधीक्षकांनाही.”

“द्या. पण ते साहेबांचं झालं. साहेब मला नाही बघत.” त्यांनी डबीचं झाकण लावलं. “पाच वाजतायत. चला.”

“कुठे?”

“फाटकावर. जिथे बघतात तिथे सांगा.”

पाळी सुटायची वेळ होती. फाटकाशी टेबल मांडून पहारेकरी बसला होता. बाकीचे त्याच्यासमोरून सरळ जात होते. टेबल एकट्या मावशींसाठी होतं. मावशी थांबल्या तसे मागचेही रेंगाळले.

ताळेबंदाला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. तो जन्मभर पडद्यामागचा माणूस. त्याने घसा साफ केला.

“या बाईंनी काही चोरलं नाही,” तो म्हणाला, गरजेपेक्षा मोठ्याने. “मी चादरींचे आकडे बघायचो. माझा एक आकडा चुकीचा राहिला. त्यामुळे रोज एक्कावन्न चादरी कमी दिसल्या. पंचवीस किलो. इथून रोज पंचवीस किलो घेऊन जाताना या बाई कोणाला दिसल्या का? चादरी सगळ्या आहेत. चूक माझी आहे.”

एक सिस्टर थांबून बघत राहिली. मागून कोणीतरी म्हणालं, “पंचवीस किलो? या बाईंना?” आणि दोघीतिघी हसल्या, पण या वेळी मावशींना नाही.

पहारेकऱ्याने डोकं खाजवलं. “साहेब, मलाही कधी पटलं नव्हतं. पण मला हुकूम आहे. तो कागदाने आला, कागदाने जाईल. पिशवी बघावीच लागेल.”

मावशींनी पिशवी टेबलावर ठेवली आणि उघडली. डबा, छत्री, चष्म्याचं घर. पहारेकऱ्याने आज नुसती मान हलवली, हात घातला नाही.

“कागद कधी येईल?” मावशींनी विचारलं.

“पत्र मी उद्या देतो,” ताळेबंद म्हणाला. “त्यांना पटायला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. कदाचित तीन महिनेही.”

“तोवर?”

त्याने फाटकाकडे पाहिलं. बाहेर पडणाऱ्यांची रांग अजून संपली नव्हती. उद्या या वेळी त्यात वेगळे चेहरे असणार होते, परवा आणखी वेगळे.

“तोवर मी रोज पाचला येतो,” तो म्हणाला. “इथे उभं राहून सांगतो. नोकरी नाहीये, वेळ पुष्कळ आहे.”

मावशींनी पिशवीची चेन लावली. त्याला वरपासून खालपर्यंत एकदा नीट बघून घेतलं, काट्यावर गाठोडं टाकायच्या आधी बघतात तसं.

“पावणेपाचला या,” त्या म्हणाल्या. “स्वयंपाकखोलीतल्या बायका लवकर सुटतात. त्यांच्यापासून सुरुवात करू.”